सालोमीची साक्ष

अमोसनं हात धरून उठवलं म्हणून सालोमी उभी राहिली. एवढंच झालं होतं. पुढचे पाच महिने हे एवढंच तिला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगण्याजोगं माणूस सापडत नव्हतं.

जानेवारीत साताऱ्याला ख्रिस्ती मंडळ्यांच्या तीन दिवसांच्या सभा होत्या. शेवटच्या दुपारी, जेवणं उरकून लोक मांडवात पेंगत असताना, बंगळूरच्या दूरदेश सेवा संघाच्या पाहुण्यांनी पडद्यावर फोटो दाखवायला सुरुवात केली. आफ्रिकेतला मलावी देश. लाल माती, मक्याची शेतं, गवतानं शाकारलेलं प्रार्थनाघर. मग एक हातपंप आला. दांडा निखळून खाली पडलेला, आणि भोवती रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बाया. सालोमीला शेजारी बसलेल्या नवऱ्याचा श्वास अडकलेला कळला. पाळक व्हायच्या आधी अमोस वायदंडे आठ वर्षं वडूजच्या पंचायत समितीत हातपंप दुरुस्त करत होता. खटाव तालुक्यात त्यानं पाइप उपसून काढले नाहीत असं गाव शोधूनच काढावं लागलं असतं.

"दूरदेशी सेवेला जायचं पाचारण ज्यांना होतंय, त्यांनी जागेवर उभं राहावं," पाहुणे म्हणाले. दुभाष्यानं ते मराठीत सांगून व्हायच्या आत अमोस उभा होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि त्याच्या हातात सालोमीचा हात होता. मांडीवरची पिशवी सावरत तीही उठली. मांडवभर हालेलुया झालं. पुढं बोलावून दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि कुणीतरी काढलेला तो फोटो ती आष्ट्याला पोचायच्या आधी मंडळीच्या ग्रुपवर पोचला होता.

आष्ट्याची मंडळी लहान, साठ-सत्तर घरांची. अमोस तिथं सहा वर्षं पाळक होता. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारातच पाळकाचं दोन खोल्यांचं घर, तिथं तो, सालोमी आणि अकरा वर्षांची शेरॉन. सालोमी गावातल्या एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये रक्त काढायला जायची. म्हाताऱ्या माणसांच्या, तान्ह्या पोरांच्या शिरा तिच्या बोटाला बरोबर लागायच्या. कामात ती हुशार होती, बोलण्यात कमी. पाळकाची बायको म्हणून स्टेजवर कुणी बोलवलं की ती दोन वाक्यांत आटपून खाली उतरायची.

त्या रविवारी मंडळीनं दोघांना हार घातले. या भागात कधीकाळी समुद्रापलीकडून मिशनरी आले होते, आणि आता आष्ट्याचं जोडपं समुद्र ओलांडून निघालं होतं. मंडळीच्या पंचांतले वडीलधारे नानासो आवळे बोलता बोलता रडले. आणि फेब्रुवारीत बंगळूरहून फॉर्म आला.

फॉर्म चौदा पानांचा होता. त्यात एक नियम ठळक छापला होता. नवरा-बायको दोघांनाही स्वतंत्रपणे पाचारण झालेलं असलं पाहिजे, एकाच्या पाठीमागून दुसऱ्यानं येऊ नये. मुलाखती वेगवेगळ्या होतील. त्याखाली पत्नीनं आपल्या शब्दांत लिहायला अर्धं पान कोरं सोडलेलं होतं.

"तू तुझं लिही," अमोस म्हणाला. "सावकाश लिही. घाई न्हाई."

सालोमीनं ते पान चार दिवस समोर ठेवलं. मग म्हणाली, "मला काय ऐकू आलेलं न्हाई अजून."

"येईल की." त्यानं हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "समद्यांस्नी एकदम येत न्हाई. माग त्याच्याकडं. देतो तो."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो इतक्या मायेनं बोलला की पुढं बोलायची वाटच बंद झाली.

तिला देवाची सवय नव्हती असं नाही. लहानपणापासून देव तिला घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा होता. फार बोलत नाही, पण असतो. शेरॉनला ताप आला की ती त्याला सांगायची, ताप उतरला की आभार मानायची. त्यानं काही बोलावं अशी तिनं कधी अपेक्षाच केली नव्हती. आता ती रोज पहाटे पाचला उठून चटईवर गुडघे टेकायची आणि म्हणायची, बोल. मला जा म्हण, न्हाईतर जाऊ नको म्हण. कायतरी बोल. बाहेर उसाच्या ट्रॉल्या खडखडत जायच्या. दुधवाला हाक मारायचा. घरात अमोसच्या घोरण्याशिवाय दुसरा आवाज नसायचा.

मार्चमध्ये तिनं दुपारचं जेवण सोडलं. मग सकाळचंही. उपासानं कान उघडतात असं ती ऐकून होती. कान काही उघडले नाहीत, नुसती चक्कर येऊ लागली.

त्याच महिन्यात फॉर्मासोबत लावायचे वैद्यकीय रिपोर्ट करायचे होते. तिघांचंही रक्त तिनंच काढलं. स्वतःच्या नळीवर चिठ्ठी चिकटवताना तिच्या मनात आलं, ह्यात काहीतरी निघू दे. साखर, कावीळ, काहीही. म्हणजे सुटका होईल आणि कुणाचा दोष असणार नाही. मग अमोसची नळी ठेवताना तेच मनात आलं. मग शेरॉनची नळी हातात घेतली, आणि तेव्हाही, क्षणभरच, पण आलं. पोरीचं वाईट चिंतायला निघाले मी. ती लॅबच्या मोरीत जाऊन उलटी करून आली. पोटात काही नव्हतंच, नुसतं आंबट पाणी पडलं.

तिघांचे रिपोर्ट स्वच्छ आले.

मग तिला वाटलं, आप्पा आडवे येतील. तिचे वडील आप्पासो लोंढे वडूजला एकटे राहत. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. आई गेल्यापासून सालोमी महिन्यातून एकदा जाऊन त्यांचं घर आवरून, पिठं-मिठं भरून यायची. त्यांना एकुलती ती. आप्पा म्हणतील, मला म्हाताऱ्याला टाकून कुठं जातीस? त्यांनी तेवढं म्हटलं की बास होतं. ह्या एका वाक्यासाठी ती कराडवरून दोन गाड्या बदलून वडूजला गेली.

आप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. तिला बघताच उठले, तिचे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागले.

"आप्पा, काय झालं?"

"काय न्हाई गं. नानासो आवळ्यांचा फोन आला हुता. म्हणाले, तुमच्या लेकीला पाचारण झालं." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "तुझ्या आज्ज्याला एका गोऱ्या बाईनं बाराखडी शिकिवली. गावात कोण सावलीत उभं करत नव्हतं त्याला. ती बाई आपला मुलूख सोडून हितं आली, हितंच मेली. मी पोरगा असल्यापासनं म्हणतोय, ह्याची फेड कवा हुनार? आन आता माझी सालू चालली."

"तुमाला कोण बघंल पर?"

"मला काय धाड भरलीया?" आप्पा हसले. "भाकरी थापाय येती मला. तू माझी काळजी करू नगंस. माझ्यापायी थांबलीस तर मला सुखानं मरण यायचं न्हाई बघ."

तिनं घर झाडलं, पिठाचा डबा भरला, चादरी धुवून वाळत घातल्या. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून ती बसली. माणच्या बाजूनं येणारा कोरडा वारा तोंडावर बसत होता. ज्या दारातून बाहेर पडता येईल असं वाटलं होतं, ते आप्पांनीच मायेनं लावून घेतलं होतं.

घराला लागूनच फरीदाभाभीचं शिवणाचं दुकान होतं. सालोमीपेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई, बोलायला तिखट. एप्रिलात, पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीसाठी म्हणून, मंडळीच्या बायकांनी सालोमीला साडी दिली होती. तिचं ब्लाउज शिवायला ती गेली तेव्हा फरीदानं टेप लावली, पुन्हा लावली, आणि टेप गळ्यात टाकून तिच्याकडं बघत राहिली.

"दिवाळीत मापं घेतली हुती तुझी. दोन इंचानं कमी झालीस. टीबी झाला का काय तुला?"

"उपास चालल्यात."

"आमच्यात बी रोजे असत्यात की. संध्याकाळी खातावं आमी." फरीदानं तिला स्टुलावर बसवलं. "काय झालंय ते सांग."

मंडळीतल्या कुणाला सांगितलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत अमोसच्या कानावर गेलं असतं. फरीदाला सांगितलं तर ते दुकानातच राहणार होतं. सालोमीनं सगळं सांगून टाकलं. मांडव, हात, कोरं पान, रिपोर्ट, शेरॉनची नळी, सगळं. फरीदा टेपची गुंडाळी करत ऐकत राहिली.

"माझा नवरा सौदीला गेला तवा माझं लगीन हून आठ महिनं झालं हुतं," शेवटी ती म्हणाली. "नऊ वर्सं ऱ्हायला तिकडं. मला कुणी इचारलं न्हाई, फरीदा, तुला पटतंय का म्हणून. सासऱ्यानं तिकीट काढलं, नियाज गेला. तुला निदान इचारायला मानसं यायला लागल्यात बंगळूरासनं."

"त्येंच्यापुढं काय सांगू मी?"

"ते मी कशाला सांगू? तुझा देव, तुझा दादला. पर इचारत्यात, ही बारकी गोष्ट न्हाई सालोमी." मग ती उठली, आतून चहा-बटर घेऊन आली आणि समोर ठेवून दारात उभी राहिली. "आधी खा. खाल्ल्याबिगर माप घ्यायची न्हाई मी."

सालोमीनं खाल्लं. खाताना ती रडत होती, आणि फरीदानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं.

मुलाखत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सांगलीला होती. निघायच्या चार दिवस आधी अमोसनं एक कागद तिच्या हातात दिला.

"फॉर्मातलं तुझं पान कोरंच ऱ्हायलंय, आन तुला बोलाय जमत न्हाई चार मानसांत, म्हणून मीच लिवलंय. तुझीच साक्ष हाय. वाच."

त्याच्या गोल, टापटीप अक्षरात सात-आठ वाक्यं होती. साताऱ्याच्या मांडवात माझ्या हृदयात अग्नी पेटला. मी माझ्या पतीच्या आधी उठणार होते. त्या रात्री प्रभूनं मला माझ्या नावानं हाक मारली. सालोमीनं आयुष्यात कधी कुणाला हृदय म्हटलं नव्हतं, काळीज म्हणायची ती.

"हे मी कवा म्हणले तुमाला?"

"म्हणली न्हाईस गं. पर माझ्यासंगं उभी ऱ्हायलीस ना? उगं उभी ऱ्हायलीस का? तुला सांगता येत न्हाई एवढंच. मी बघितलंय तुझं तोंड तवा." तो मनापासून बोलत होता. त्यात लबाडी नव्हती, आणि तेच भयंकर होतं. त्याला खरंच तसं दिसलं होतं.

तिनं कागद पाठ केला. भाकरी करताना, भांडी घासताना पुटपुटत राहिली. चौथ्या दिवशी तिला ते बिनचूक येत होतं.

सांगलीला एका शाळेत, सुट्टीमुळं रिकाम्या पडलेल्या वर्गांत मुलाखती होत्या. अमोसला दोन पुरुषांनी एका खोलीत नेलं. सालोमीला बोलावलं ते ग्रेस हिवाळे नावाच्या बाईंनी. नगरकडच्या, सत्तरीच्या, मलावीतल्या दवाखान्यात चौदा वर्षं नर्स म्हणून राहून आलेल्या. पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या बाकांवर दोघी समोरासमोर बसल्या. पंखा नव्हता. बाईंनी फॉर्म मांडीवर घेतला.

"सांग मुली. तुझ्या शब्दांत सांग."

"साताऱ्याच्या मांडवात माझ्या हृदयात अग्नी पेटला," सालोमीनं सुरुवात केली. आवाज बरा निघाला. "मी माझ्या पतीच्या आधी उठणार होते. त्या रात्री प्रभूनं मला..."

पुढचे शब्द तिला येत होते. तोंडात तयार होते. ती बाईंच्या चष्म्याकडं बघत राहिली, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. बाहेर कुणीतरी मैदानावर पाणी मारत होतं, त्याचा आवाज येत होता.

"बाई," ती म्हणाली, "मला न्हाई कुणी हाक मारली."

हिवाळेबाईंनी मांडीवरचा फॉर्म बाकावर ठेवला.

"मी लय वाट बघितली. जानेवारीपासनं बघतीया. जेवण सोडलं. त्यांनी हात धरून उठिवलं म्हणून मी उठले हुते. हे त्यांनी लिवून दिलंय, मी पाठ केलं. ते खोटं न्हाईत बोलत, त्यांस्नी तसंच वाटतंय. पर मला काय बी झालेलं न्हाई."

"तरी जाशील का त्याच्याबरोबर?"

"जाईन की. ते म्हणतील तिथं जाईन. पर देवानं सांगितलं म्हणून जाते असं तुमाला सांगितलं तर ते खोटं हुईल."

हिवाळेबाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मी हे लिहिलं तर काय होणार ते तुला ठाऊक आहे. नियम आहे आमचा." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वडील म्हातारे आहेत तुझे. एकटे असतात. त्यांच्या प्रकृतीमुळं तूर्त येणं शक्य नाही, असंही लिहिता येईल मला. तुम्हा दोघांचाही मान राहील."

पाच महिने जे मागितलं होतं, ते असं समोर ठेवलेलं होतं. नुसती मान हलवायची होती.

"आप्पा धडधाकट हायत बाई," ती म्हणाली. "जा म्हणत्यात मला. हाय तसंच लिवा."

अमोस बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. गाडीत त्यानं दोनदा विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, विचारलं तेवढं सांगितलं. त्याहून पुढं बोलायचं धैर्य तिला झालं नाही. खरं बोलायची तिची ताकद त्या बुटक्या बाकावरच संपली होती.

मेअखेरीस एका सकाळी लॅबमध्ये गर्दी होती. सालोमी एका आजीच्या दंडाला पट्टा बांधत होती. अमोस आत आला. त्याच्या हातात फोन होता, आणि तोंडाचा रंग गेला होता.

"काय सांगितलंस त्यांस्नी?"

सालोमीनं पट्टा सोडला. "खरं सांगितलं."

"काय खरं? पत्नीस पाचारण नाही, सबब अर्ज नामंजूर. हे खरं?"

"व्हय."

बाकावरचे पेशंट त्यांच्याकडं बघत होते. अमोसचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "मला का न्हाई सांगितलंस? त्या बाईला सांगितलंस, जिला कवा बघितलं नव्हतंस. पाच महिने माझ्या ताटाला ताट लावून बसत हुतीस."

"फेब्रुवारीत सांगितलं हुतं. तुमी म्हणला, येईल. मग तुमी इचारलंच न्हाई. तुमी लिवून दिलं."

तो वळून निघून गेला. आजीनं आपला दंड पुन्हा पुढं केला आणि म्हणाली, "घे बाई रगात. तुझं काय असंल ते घरी जाऊन बघ."

त्या रविवारी अमोस उपदेशाला उभा राहिला. पवित्र शास्त्र उघडलं, चष्मा लावला, आणि कितीतरी वेळ पानाकडं बघत राहिला. मग शास्त्र मिटून म्हणाला, "आज गीतंच म्हणूया." पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी नानासो आवळ्यांनी उपासना चालवली, आणि अमोस शेवटच्या बाकावर बसून राहिला.

सालोमीशी कुणी भांडलं नाही. बायका तिच्याशी बोलायच्या थांबल्या, एवढंच. एकदा नानासोंची बायको राहीबाई देवळाच्या पायरीवर तिला म्हणाली, "पाळकबाई, आमी एकवीस दिस उपास धरलं हुतं तुमच्यासाठनं." सालोमी तशीच पायऱ्या उतरून घरी आली. आप्पांनी फोन घेणं बंद केलं. घरात अमोस शेरॉनकरवी बोलायचा. आईला सांग मीठ कमी हाय. आईला सांग मी जेवणार न्हाई.

आणि शेरॉन. तिनं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आम्ही आफ्रिकेला जाणार. नकाशात मलावीवर लाल टिकली लावली होती. एका दुपारी ती नकाशा फाडत असताना सालोमीनं तिचा हात धरला.

"तू एकदा खोटं बोलायचंस ना मम्मी," पोरगी किंचाळली. "एकदाच! लोक किती वेळा बोलतात!"

त्या दिवशी सालोमी घरामागच्या न्हाणीघरात कडी लावून बसली. पाणी सोडून ठेवलं. पहिल्यांदा तिला वाटलं की आपण नसतोच तर बरं. नवऱ्याला वाट मोकळी झाली असती, पोरीला बाप पहिल्यासारखा मिळाला असता, मंडळीला मिशनरी मिळाला असता. हा विचार असा शांतपणे, हिशोबी आला की तिची तिलाच भीती वाटली. ती कडी काढून बाहेर आली आणि ओल्या पायांनी सरळ देवळात गेली.

अमोस मागच्या खोलीत, जिथं तो पूर्वी उपदेश लिहायचा, तिथं रिकाम्या टेबलापाशी बसला होता.

"तुमी एकटं जावा," ती दारातूनच म्हणाली.

"नियम न्हाई."

"नियमाचं मी बघते. हिवाळेबाईंस्नी फोन करते, पाया पडते. मी हितं ऱ्हाईन शेरॉनला घिऊन. तुमी जावा. हितं बसून माझ्याकडं असं बघत ऱ्हायला तर मी जगायची न्हाई."

तिला वाटलं होतं तो उठेल, निदान मान वर करेल. त्यानं टेबलावर दोन्ही हात पसरले आणि त्यांच्याकडंच बघत राहिला.

"एकट्यानं?" तो म्हणाला.

"व्हय. तुमाला बोलिवलंय ना?"

मग तो बोलला, तो इतक्या खालच्या आवाजात की ती दोन पावलं आत आली.

"साताऱ्याला तुझा हात का धरला, ठाव हाय? पाय कापत हुते माझे. तुला बी ऐकू आलं असतं तर मला कळलं असतं, की खरं हाय. दोघांस्नी एकदम भास हुत न्हाई."

"म्हंजे? तुमाला काय ऐकू आलं हुतं मग?"

"काय न्हाई. पंप दिसला. दांडा खाली पडलेला. वाटलं, हा मला बसवाय येतो. आन रडू आलं. तेवढंच." त्यानं तोंड हातात घेतलं. "लोकं म्हणाले पाचारण. मी बी म्हणलो. मग ते मोठं मोठं हुत गेलं."

सालोमीला दया यायला हवी होती. आली नाही. राग उसळला.

"मी पाच महिनं जमिनीवर डोस्कं आपटलं," ती ओरडली. देवळाच्या रिकाम्या भिंतींवर आवाज आपटून परत आला. "माझ्यातच कायतरी कमी हाय म्हणलं. देवानं मला टाकलंय म्हणलं. पोरीला आजार निघावा असं मनात आणलं मी, पोटच्या पोरीला! आन तुमाला बी न्हाई? तुमाला बी कुणी बोलिवलं न्हाई?"

"मला ठाव न्हाई," अमोस म्हणाला. तो आता हुंदके देत होता. "मला खरंच ठाव न्हाई गं. कदाचित तेच बोलावणं असंल. कदाचित नसंल."

ती तिथून निघून गेली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तोही शेरॉनकरवी काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी लॅबमधून सुटल्यावर तिनं हिवाळेबाईंना फोन केला. रागानं केला की कशानं, तिलाही सांगता आलं नसतं. एवढं तिला कळलं होतं की जाऊन बघितल्याखेरीज ह्या माणसाला कधीच कळणार नाही, आणि न कळता तो इथंच झिजून जाईल, तिलाही झिजवेल.

हिवाळेबाईंनी पंधरा दिवसांनी उत्तर दिलं. मिशनरी म्हणून एकट्याला घेता येणार नव्हतं. पण मलावीतल्या एका मंडळीच्या पाण्याच्या कामावर पंप दुरुस्तीचा जाणता माणूस हवा होता. दीड वर्षासाठी. पाळक ही पदवी नाही, उपदेश करायचा नाही, अर्ज करायच्या आधी आष्ट्याच्या जागेचा राजीनामा द्यायचा.

अमोसनं राजीनामा लिहिला. पाकीट सालोमीनंच चिकटवलं. पंचांनी जुलैअखेर घर सोडायला सांगितलं. नवा पाळक यायचा होता. फरीदानं दुकानावरची खोली दिली. खालून भांडी, गाद्या वर चढवताना तिचा नवरा नियाज अमोसला सांगत होता, परदेशात पहिले तीन महिने कसे जातात, पायाला जाड मोजे कसे घ्यावेत, घरी फोन करताना काय बोलावं आणि काय बोलू नये. अमोस निमूट ऐकत होता. सहा वर्षं लोकांना सांगत आलेला माणूस, आता त्याला कुणीही सांगावं अशी त्याची दशा झाली होती.

ऑगस्टच्या एका दुपारी मिरज स्टेशनवर तिघं उभी होती. बंगळूरची गाडी अर्धा तास उशिरा होती. मंडळीतलं कुणी आलं नव्हतं. आप्पांनी मात्र सकाळी फोन करून अमोसला आशीर्वाद दिला होता, आणि शेवटी म्हणाले होते, सालूला द्या. सालोमीनं फोन कानाला लावला तेव्हा ते नुसते खोकले आणि म्हणाले, "जेवतीस का वेळंवर?" तिला हो म्हणता आलं.

शेरॉन बापाच्या कमरेला मिठी मारून उभी होती, आईकडं पाठ करून. गाडी आली. अमोस सामान चढवून दारात उभा राहिला. त्याच्या अंगावर नवा शर्ट होता, तो खांद्यात मोठा होत होता.

"सालोमी," तो म्हणाला, "आता तरी सांग. चुकतोय का मी?"

पूर्वीसारखा तो तिच्या तोंडून आपलं उत्तर काढू बघत नव्हता. त्याला खरंच हवं होतं ते. आणि तिच्याकडं ते नव्हतं.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "पोचल्यावर फोन करा. खोटं काय सांगू नगा मला. बरं वाटत नसलं तर नसलं म्हणा."

"तू बी."

गाडी हलली. तो दारात उभा राहून बघत होता, हात हलवायचंही विसरला होता. गाडी दिसेनाशी झाल्यावर सालोमीला जाणवलं की तिला रडू येत नाहीये. आत एक मोठी कोरडी जागा होती, आणि पुढचं दीड वर्ष त्या जागेसह काढायचं होतं. त्यानंतरचं काही माहीत नव्हतं.

आष्ट्याच्या गाडीत शेरॉन तिच्यापासून तीन बाकं पुढं, खिडकीला जाऊन बसली. सालोमीनं तिला हाक मारली नाही. कसबे डिग्रजला गाडी भरली. शेरॉनशेजारी एक बाई बसली, तिच्या मांडीवर कोंबडीचं डालगं होतं. तुंगच्या अलीकडं पाऊस लागला आणि कंडक्टरनं खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. गाडीत कोंदट झालं.

सालोमीनं डोळे मिटले नाहीत. तिनं काही मागितलंही नाही. ती समोर, पोरीच्या वेणीकडं बघत होती. सकाळी घाईत घातलेली वेणी सुटत आली होती.

तुंगच्या थांब्यावर गाडी थांबली तेव्हा शेरॉन उठली. माणसांच्या मधून वाट काढत मागं आली आणि आईच्या बाकापाशी उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते. आईकडं न बघताच ती म्हणाली,

"सरक की."

सालोमी खिडकीकडं सरकली.